निळा शर्ट

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतले आजोबा सोबतच्या आजींवर असे खेकसत होते, की मीच त्यांना काहीतरी बोलून बसलो असतो. लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा पडलेला.

"इतके महिने झाले, साधं बटण लागत नाही!"

"मग बंद करायचं का येणं?"

"बंद? उद्यापासून लवकर निघायचं! तुझंच आवरत नाही."

"आजारपणात सुरुवातीला रोज विचारायचे, कुठला शर्ट देऊ, तर म्हणायचात, दे कुठलाही."

"मग?"

"आज निळ्यासाठी घर डोक्यावर घेतलंत."

"हसतेस काय? चिडलोय मी!"

"चिडा हो, भरपूर चिडा. चला, नंबर आला. वरचं बटण लावते."

"हात काढ. मी लावणार."

"अहो, नंबर जाईल!"

"जाऊ दे गं. अर्धं आत गेलंय."