आमचं रक्त पुस्तकात नाही!

कोणी मानलंच नाही मले! भाताच्या रोवण्याच्या चिखलात वाकली का मांड्या सुटून जायच्या, मटकन खाली, अन् नवरा बांधाच्या धुऱ्यावरून ओरडून राहिला, "रुख्मे, ऊठ! नाटकं कायले करून राहिली?" नाटकं? मी? अवं, चौथीत शाळेच्या नाटकात मले झाड केलं होतं!

मंग मोठ्या दवाखान्यात रक्त दिलं. डॉक्टरीण म्हणते, "मावशी, जनुक म्हणजे आईवडिलांकडून अंगात आलेला धडा. तुमच्या स्नायूंच्या धड्यात एक अक्षर बदललंय." नवरा लगेच, "हिच्या माहेरचं होय ते, आमगावचं!" मी म्हटलं, बाई, त्यानंच पाय गेले का? तर म्हणते, "सांगता येत नाही. जगभरची रक्तं तपासून पुस्तक केलंय, पण त्यात तुमच्याकडचे लोकच नाहीत." घ्या! जगाले भात आमी खाऊ घालावा, अन् पुस्तकात आमी नाही!

माह्या पायाचं मरू द्या जी... पण आचल! माही पोरगी, पोलीस भरतीसाठी फुलचूरच्या रस्त्यानं पळून राहिली, अन् परवा जेवून उठली ते गुडघ्यावर हात टेकून. माह्यासारखी! "काऊन टेकला वं हात?" तर म्हणते, "तुलेच पाहून सवय लागली, आई." सवय का रोग? कोण सांगन? पुस्तकात आमी नाही! तिचं रक्त काढलं... तेच अक्षर!

डॉक्टरीण म्हणे, "तुमच्याकडची धडधाकट माणसं आणा. त्यांच्यातही पुष्कळांत निघालं, तर अक्षर निर्दोष." माहा भाऊ खेमराज म्हणे, "सुई पाहून मले चक्कर येते." शेजारची सुशीलाबाई म्हणे, "माह्या पोरीचं लगन जमून राहिलं, रक्त कायले दाखवू?" शेवटी नवराच निघाला, छाती फुगवून, ते अक्षर माह्या माहेरचंच ठरवायले! राईस मिलचे सारे हमाल घेऊन गेला, पाठीवर पोतं घेऊन पळणारे.

अन् काय निघालं? अर्ध्या हमालायत तेच अक्षर! अन् नवऱ्यातही! तोंड असं झालं त्याचं, जसं पोतं पायावर पडलं. डॉक्टरीण म्हणे, "हे तुमच्याकडचं साधंच अक्षर, रोगाचं नव्हे. आचलला पळू द्या." मी तिथंच रडली जी, मोठ्यानं.

"अन् माहे पाय, बाई?"

"त्याचं कारण दुसरीकडं शोधावं लागेल."

रोग आहे, फक्त सापडला नाही, हे तिले कळलं, मले कळलं. घरी कोणाले समजवू? सासू म्हणे, "रोग निघालाच नाही ना? मंग अंगात आळस आहे, आळस!" नवरा मान डोलावते. अक्षर सुटलं, माहेर सुटलं, पोरगी सुटली, बाप्पा, तेवढं झालं म्हणजे झालं... बाकी गुन्हेगार तर कोणी पाहिजेच ना घराले? सापडली त्यायले.

रुख्मा.