उन्हावर चालणारा पर्जन्यमापक

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त अधीक्षक अभियंता माननीय जयपाल मगदूम साहेब, कर्मचारी संघटनेचे सचिव आणि या कार्यक्रमाचे सर्वेसर्वा श्री. श्रीशैल कोरे, ज्यांच्यासाठी आपण भर कामाच्या वेळी, कामाचा फारसा खोळंबा होऊ न देता, इथे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती रत्नव्वा हत्तरगी, आणि अल्पोपाहार भाषणांनंतर आहे हे ठाऊक असल्यामुळे शांत बसलेल्या बंधू-भगिनींनो,

बोलायला लागण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. अध्यक्षांनी ती इतिवृत्तात घ्यावी, ही विनंती. तक्रार या रोपाबद्दल आहे, जे आत्ताच माझ्या हातात देण्यात आलं.

पूर्वी हार मिळायचा. हाराचं एक बरं होतं. घरी जाताना रिक्षाच्या आरशाला अडकवला की रिक्षावाला खूश, आपण मोकळे. मग हार पर्यावरणाला घातक ठरला आणि रोपं आली. गेल्या पाच वर्षांत मला एकोणचाळीस रोपं मिळाली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस पामची. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचे तर सौभाग्यवतींना आधी झावळ्या बाजूला साराव्या लागतात. प्रत्येक रोप काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर चकचकीत प्लॅस्टिक, त्यावर जरीची फीत. पर्यावरणरक्षणाचं हे गाठोडं सोडवायला कात्री लागते. आजचं हे चाळिसावं, आणि याच्यावर ‘वातावरणीय बदल जनजागृती’ असा स्टिकर आहे. म्हणजे कोरेंनी हे पदरचे पैसे घालून आणलेलं नाही. कोरे, मान हलवू नका. मी याची बातमी करणार नाही.

हसताय, हसा. पण याच वातावरणीय बदलाच्या पैशातून चार वर्षांपूर्वी गगनबावड्याला एक यंत्र आलं. आज आपण रत्नव्वांना निरोप देतो आहोत, पण त्या यंत्रापायी उद्यापासून त्यांच्या जागी कोण, या प्रश्नाचं उत्तर या व्यासपीठावर कुणापाशी नाही. अध्यक्षांपाशीही नाही. मी चहाच्या वेळी विचारून घेतलं आहे.

रत्नव्वा तुमच्या खात्यात गेज रीडर, म्हणजे पाऊस मोजणाऱ्या. काम सांगायला अगदी सोपं. टेकडीवर कुंपण घातलेला एक चौकोन आहे. त्यात एक नरसाळं, नरसाळ्याखाली बाटली. रोज सकाळी साडेआठ वाजता जायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. सोपं आहे ना? एकतीस वर्षं करून बघा. गगनबावड्यात करून बघा. तिथे जुलैत छत्री उघडली की घरी फक्त तिची दांडी न्यायची असते. मोठ्या पावसात बाटली दिवसातून तीनतीनदा भरते. भरून वाहायच्या आत रिकामी केली नाही तर आकडा गेला. नेसरीकडची ही बाई, डोक्यावर इरलं, हातात काठी, अशी एकतीस पावसाळे त्या टेकडीवर गेली. मी मघाशी त्यांना विचारलं, किती खाडे झाले हो? तर म्हणाल्या, “दोन. येकदा लेकीचं लगीन. आन् येकदा साप बसलावता नरसाळ्यात.”

दुसऱ्या खाड्याला खात्याने खुलासा मागवला होता. पहिल्याला नाही.

माझा त्यांचा संबंध फोनचा. एकोणीस वर्षं, पावसाळ्यात, सकाळी नऊच्या आत फोन वाजायचा. “पावणं, लिवा. येकशे अठ्ठेचाळीस.” बस, फोन बंद. एकोणीस वर्षांत माझी बढती पावण्याच्या पुढे झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पेपरात ‘गगनबावड्यात १४८ मि.मी.’ छापून आलं की वाचक म्हणायचे, काय वार्ताहर आहे! मी तेव्हा कोल्हापुरात दुसरा चहा घेत असायचो.

आता यंत्राकडे येतो. स्वयंचलित पर्जन्यमापक केंद्र. किंमत नऊ लाख, उद्घाटनाचा खर्च वेगळा. पाऊस मोजायचा आणि आकडा आपोआप कोल्हापूरच्या डॅशबोर्डवर पाठवायचा. यंत्र चांगलंच होतं, त्याला मी दोष देत नाही. त्याची एकच अडचण होती. ते उन्हावर चालायचं. सौर पॅनेल. सज्जनहो, गगनबावडा! जिथे जूनमध्ये वाळत घातलेली सतरंजी दसऱ्याला दमट निघते, तिथे पाऊस मोजायचं यंत्र आणि ते उन्हावर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बॅटरी मान टाकायची, ती ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर, ताजीतवानी होऊन उठायची. मग सहा महिने ते यंत्र दर पंधरा मिनिटांनी अत्यंत प्रामाणिकपणे शून्य पाठवायचं.

डॅशबोर्डवर प्रत्येक केंद्राचा एक चौकोन असतो, केंद्र बंद पडलं की तो लाल दिसतो. लाल दिसलं की मुंबईहून फोन येतो. तेव्हा आपले एक साहेब गगनबावड्याला गेले. ते आज सभागृहात आहेत. नाव घेत नाही, कारण रत्नव्वांनी तशी तंबी दिली आहे. साहेब म्हणाले, “मावशी, तुम्ही रोज सकाळी आम्हालाबी आकडा कळवत जावा. आम्ही तिकडनं यंत्राच्या नावावर भरतो. तेवढं हिरवं दिसू दे.” रत्नव्वा म्हणाल्या, “आकडा काय, सरकारचाच हाय की. घ्या.”

इतका सरळ प्रकार. यात कुणी एक रुपया खाल्ला नाही. लाच खाल्ली असती तर चौकशी तरी लागली असती.

असे तीन पावसाळे गेले. मग आली समिती. विधिमंडळाची समिती, कोणती ते सांगत नाही, हक्कभंगाची मला रास्त भीती वाटते. वातावरणीय बदलावर सरकारने केलेला खर्च योग्य झाला की नाही, हे पाहायला अकरा सदस्य, चौदा गाड्या. ऑगस्टचा शेवटचा आठवडा. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, ‘११.०० ते १२.३०, केंद्राची प्रत्यक्ष पाहणी’. गाड्या पोचल्या पाऊण वाजता. समितीप्रमुखांनी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात उभं राहून विचारलं, “केंद्र कुठाय?”

साहेबांनी बोट दाखवलं. समोर धुकं. दहा फुटांवरचं झाड दिसत नव्हतं.

“लांब हाय काय?”

“दोनशे मीटर, सर. पण वाट निसरडी आहे. जळवाबी आहेत.”

जळवा म्हटल्यावर समितीचं एकमत झालं. अकराच्या अकरा लोकप्रतिनिधी बोटाच्या दिशेने धुक्याकडे बघत राहिले. एकाने तर धुक्याचा फोटो काढला. मी घड्याळ लावलं होतं: पाहणी चार मिनिटं. त्यानंतर पांढरा रस्सा, पावणेदोन तास. रश्श्याची मात्र प्रत्यक्ष पाहणी झाली, वाटीवाटीने, आणि त्यावर उपप्रश्नही विचारले गेले.

एक तरुण सदस्य होते, त्यांना थोडी जिज्ञासा होती. रत्नव्वा कोपऱ्यात इरलं निथळत उभ्या होत्या. त्यांना त्यांनी विचारलं, “मावशी, आज किती पडला?”

“दोनशे अकरा.”

साहेबांनी टॅब पुढे केला. टॅबवर यंत्राचा आकडा: दोनशे अकरा. टाळ्या! मग साहेबांनी तीन वर्षांचा तक्ता उघडला. एका बाजूला हाताने मोजलेला पाऊस, दुसऱ्या बाजूला यंत्राने मोजलेला. जूनचा पहिला आठवडा सोडला तर एका मिलिमीटरचा फरक नाही. रत्नव्वा पुढे सरल्या आणि म्हणाल्या, “सायेब, त्यो आकडा माझाच—”

“मावशी, तेवढं चहाचं बघा की,” आपले साहेब मध्येच म्हणाले.

आणि मावशी चहाचं बघायला गेल्या.

मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला माणूस. आमचे गुरुजी सांगत, ज्ञान होण्याची साधनं ठरलेली आहेत. डोळ्यांनी पाहिलं ते प्रत्यक्ष. धुरावरून अग्नी ओळखला ते अनुमान. विश्वासू माणसाने सांगितलं ते शब्द. त्या दिवशी प्रत्यक्ष दोनशे मीटरवर होतं, तिथे जळवा होत्या. विश्वासू माणसाला चहा सांगायला पाठवलं होतं. राहिलं अनुमान. तर शेजारी शेजारी ठेवलेली दोन भांडीसुद्धा कधी सारखा पाऊस झेलत नाहीत. तीन वर्षं दोन आकडे तंतोतंत जुळले, तर कुठल्याही शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकेल. समितीने अनुमान काढलं ते असं: यंत्र शंभर टक्के अचूक आहे.

हे मी पदरचं सांगत नाही, अहवालात छापलं आहे. अहवाल मी वाचला आहे. बहुधा मी एकट्यानेच, कारण तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी इतर तेवीस कागदांसोबत सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला, आणि राष्ट्रगीत झालं. त्यात एक वाक्य तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावं असं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे यंत्र खरोखर चालू असताना, त्याच्या आणि रत्नव्वांच्या आकड्यांत पाच-सात मिलिमीटरचा फरक पडायचा. अहवाल त्याला ‘प्रारंभिक स्थिरीकरणाचा कालावधी’ म्हणतो. म्हणजे यंत्र जिवंत होतं तोवर चुकत होतं. मेल्यावर अचूक झालं.

आणि पुढची शिफारस: यंत्र समाधानकारक असल्याने हाताने मोजणी ही द्विरुक्ती ठरते, सबब गेज रीडरचे पद विद्यमान कर्मचाऱ्याच्या निवृत्तीनंतर व्यपगत, म्हणजे रद्द, करावे. शासनाने समितीच्या इतर सतरा शिफारशी विचाराधीन ठेवल्या. ही एक तत्काळ मान्य केली.

आता तुम्ही म्हणाल, वार्ताहरसाहेब, तुम्ही तिथे होता ना? होतो. मी काय लिहिलं? ‘समितीने समाधान व्यक्त केले.’ आठ ओळी, आतल्या पानावर. इतका वेळ मी ज्यांची टिंगल केली त्या अकरांत बारावा मी होतो, आणि रस्सा मीही दोनदा घेतला. त्या दिवशी निघताना मी रत्नव्वांना म्हटलं होतं, मी हे लिहितो. त्या म्हणाल्या, “नगा लिवू, पावणं. सायबाची नोकरी जाईल. त्येला दोन ल्हान पोरी हायत.” मी ऐकलं. तेव्हा मला ते औदार्य वाटलं. त्या औदार्याची किंमत त्यांचं पद असेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. अहवाल आल्यावर मी समितीला पत्र धाडलं. उत्तर आलं, समितीची मुदत संपली आहे.

आज सकाळी त्यांना विचारलं, आता बोलू का? त्या म्हणाल्या, “आता काय, म्या सुटले. बोला. पर नाव न्हाय घ्याचं.” साहेब, तुमचं नाव घेतलेलं नाही. तिसऱ्या रांगेत कुणी खाली मान घालून बसलं असेल तर तो योगायोग समजावा. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला एक लाल चौकोन वर दाखवायचं धैर्य झालं नाही, एवढंच. ज्यांचं कामच लाल चौकोन शोधायचं होतं, ते अकरा जण हिरवा बघून जेवायला बसले.

रत्नव्वांनी परवा मोजपात्र भांडारात जमा केलं आणि पोच घेतली. भांडारपालाने विचारलं, “चालू स्थितीत हाय का?” त्या म्हणाल्या, “ते हाय. म्याबी हाय.” नरसाळं निर्लेखित होणार आहे, म्हणजे भंगारात जाणार. आजची तारीख एकतीस मे. पाऊस दाराशी आला आहे.

संघटनेने मला बोलावलं, अध्यक्षांनी घड्याळाकडे फक्त दोनदा पाहिलं, आपण ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. निरोपाच्या कार्यक्रमात असं बोलायचं नसतं हे मला कळतं. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर ती चूक माझ्या पदरात घाला, रत्नव्वांच्या नको. हे रोपही मी घेऊन जातो. जागा करीन.

जाता जाता एकच, आणि यात चेष्टा नाही.

माझी थोरली बहीण, अक्काताई, जयसिंगपूरच्या पलीकडे नदीकाठच्या गावात राहते. गगनबावड्यात पडलेलं पाणी तिच्या उंबऱ्याशी यायला साधारण दीड दिवस लागतो. मागच्या मोठ्या पुरात रत्नव्वांचा फोन नऊची वाट न बघता सकाळी सहालाच आला होता. “पावणं, बाटली चारदा वतली. खालच्या लोकास्नी सांगा.” मी अक्काला सांगितलं. अक्काने म्हशी सोडल्या, गल्ली उठवली, संध्याकाळच्या आत सगळे वर शाळेत गेले. सरकारी इशारा दुसऱ्या दिवशी आला. तेव्हा तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि माणूस एकही नव्हतं.

उद्यापासून यंत्राच्या नावावर आकडा कुणी भरला नाही आणि चौकोन लाल झाला, तर मी देवाचे आभार मानीन. लाल दिसला तर निदान कुणी चौकशी करील. मला भीती वाटते ती चौकोन हिरवाच राहण्याची. मुंबईहून फोन येऊ नये म्हणून इथे बसलेलं कुणीतरी अंदाजाने, कालचाच, गेल्या वर्षीचाच आकडा भरील. आणि जुलैत एके दिवशी सकाळी अक्काचा फोन येईल, “वर किती पडला रं?” आणि मला सांगता येणार नाही.