बोटं जागी होतात तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांच्या बालवर्गाच्या बाई, शिक्षकवृंद, पालक मंडळी, आणि पहिल्या रांगेत मांडी घालून चुळबुळ करणाऱ्या माझ्या वर्गबंधूंनो नि वर्गभगिनींनो,

काही जण हसले. हसा, हसा. पण मी खरोखरच या बालवर्गात शिकलो आहे. हजेरीत नाव नव्हतं, एवढंच.

आयोजकांनी मला बाईंविषयी चार शब्द बोलायला सांगितलंय. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चार शब्द म्हटले की माझा अख्खा दिवस जायचा. तेव्हा थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या.

माझा उजवा हात म्हणजे आमच्या घरातला कर्ता पुरुष. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायचा. एके सकाळी काम करताना ब्रश खाली पडलेला दिसला. दिसला म्हणतो, कारण तो हातातून सुटल्याचं बोटांना कळलंच नव्हतं. अर्धांगाचा झटका होता. पाय हळूहळू सावरला. हात मात्र घरी आलेल्या परक्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला. शर्टाची बटणं पत्नी लावायची, घासही तीच भरवायची. मी खिडकीबाहेर बघत राहायचो. शेवटी ती म्हणाली, "भिंतीला सोबत करण्यापेक्षा नातीला शाळेत सोडत जा."

आमच्या नातीला घरात सगळे खारूताई म्हणतात. तेव्हा ती बालवर्गात होती आणि तिचंही एक दुखणं होतं. पेन्सिल मुठीत आवळायची, जणू सोडली तर उडून जाईल. कागद फाटायचा, टोक मोडायचं, मग रडारड. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी स्वतःचं नाव लिहून दाखवायचं होतं. माझा मुलगा रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायचा. लिहिणं राहायचं बाजूला, दोघंही तोंड फुगवून उठायचे.

एक दिवस तो माझ्याबरोबर शाळेत आला. दारातच म्हणाला, "बाई, आमची मुलगी पीठ मळायला आणि मणी ओवायला येत नाही. तिला लिहायला शिकवा. नाहीतर मी तिला दुसरीकडे घालतो."

बाईंचा आवाज चढला नाही. "तिची बोटं अजून झोपलीत. झोपेतल्या माणसाला ओढत चालवलं तर तो पडतो. महिनाभर धीर धरा. मग तुम्ही म्हणाल तसं."

मुलगा "बरं" म्हणाला, पण मनातून नाही. आणि मी, ज्याला कुणी काही विचारलं नव्हतं, मध्येच बोलून गेलो, "बाई, झोपलेली बोटं उठतात?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. म्हणाल्या, "बसा ना आजोबा. बघू या."

असा माझा प्रवेश झाला. अध्यक्ष महोदया, माझ्या आयुष्यातले सर्वांत मऊ दिवस मला विचाराल, तर ते हेच. त्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं, पण ते पुढे सरकायचं असं काही आठवत नाही. उन्हाच्या पट्ट्यात खडूची धूळ तरंगायची. कुणी कागद फाडतंय, कुणी दोरीवर चिमटे लावतंय, कुणी ओल्या पिठाचे साप वळतंय. आणि त्या सगळ्यांत ठेंगण्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, मी. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम घरी चालूच होते. पण घरी मी रुग्ण होतो, इथे मी नुसता मागे पडलेला विद्यार्थी होतो. दोन्हींत किती फरक असतो, तो मागे पडलेल्यालाच विचारा. एका चिमुरडीने माझा हात निरखून पाहिला. "आजोबा, तुमची करंगळी अजून झोपलीय," असं म्हणून ती करंगळीवर हळूच फुंकर घालून गेली.

महिना संपत आला होता. बाईंनी एका ताटात बारीक रेती पसरली, तीत बोटाने एक वळणदार रेघ काढली आणि मला ती गिरवायला सांगितली. माझं बोट अर्ध्यातच थबकलं. बाई नातीला म्हणाल्या, "आजोबांना वाट सापडत नाहीये. तू नेतेस?"

ती आली. मला वाटलं, पेन्सिलीसारखंच माझं बोटही मुठीत आवळणार. पण आजोबांना दुखेल, अशी भीती वाटली असावी तिला. तिने माझं बोट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरलं, फुलपाखराला धरावं तसं. "वरून खाली या. आता वळा. घाई नका करू, रस्ता आहे पुढे."

आम्ही दोघं त्या रेतीतून चालत गेलो. मान वर केली तर दारात माझा मुलगा. तिला न्यायला लवकर आला होता आणि आत यायचं विसरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला अख्खी पेन्सिल दिलीच नाही. नखाएवढा रंगीत खडूचा तुकडा दिला. मुठीत धरायला त्यात काही उरलंच नव्हतं. तो तिने त्याच चिमटीत उचलला. पुढे प्रवेशाच्या दिवशी तिने नाव लिहिलं. शेवटचं अक्षर जागा संपली म्हणून वरच्या ओळीवर जाऊन बसलं, पण लिहिलं. घरी येताना मुलाने तिला खांद्यावर घेतलं होतं.

माझं म्हणाल, तर ब्रश पुन्हा धरता आला नाही. ते खोटं सांगणार नाही. पण एका सकाळी मी शर्टाची सगळी बटणं स्वतः लावून बाहेर आलो. पत्नी बघतच राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता मला काय काम उरलं?" मी म्हटलं, "तू नुसती समोर बस."

परवा मी बाईंना विचारलं, आता निवृत्तीनंतर काय करणार? म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज कुणा ना कुणाचा हात माझ्या हातात होता. आता माझे हात एकटे कसे वागतात, ते बघायचंय."

बाई, ते गोंधळले तर आमच्या घरी या. आम्ही धरू.

मला इथे उभं करणाऱ्या आयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर पोटात घाला. आता दोन्ही हात जोडतो. उजवा थोडा मागून येईल, तेवढं थांबा.

नमस्कार.