अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, संचालक मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेच्या ताई, त्यांचे यजमान, लेक-जावई आणि मित्रहो,

लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवतो. सकाळपासून माझं डोकं सुन्न झालंय. ते का, तेवढंच सांगतो.

पाहुण्यांसाठी थोडक्यात. आम्ही चरबीचे अतिसूक्ष्म फुगे तयार करतो, त्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांत औषध भरून ते कर्करोगाच्या पेशींपर्यंत पोचवायचं. औषध अंधारात गप्प असतं, उजेड टाकला की पेशींना मारतं. म्हणून दर वेळी पेशींची एक थाळी उजेडात, एक अंधारात. अंधारातली जगली, तरच औषध भरवशाचं.

सहा वर्षांपूर्वी अंधारातल्या थाळ्या मरू लागल्या. एकदा नव्हे, अकरा वेळा! थाळ्यांची अंधारी खोली ताईंच्या ताब्यात, मग दोष कुणाचा? मागचापुढचा विचार न करता मी संचालकांना पत्र लिहिलं, 'ताईंचे हात निष्काळजी.' ताई बाटल्या धुण्यावर गेल्या. त्यानंतरही थाळ्या मेल्याच. तेव्हा औषधच विषारी ठरवून मी फाइल बंद केली. पत्र मागे घ्यायचं मात्र सुचलं नाही.

आज सकाळी ताई तीन थाळ्या घेऊन आल्या. "सर, जाता जाता एकदा करून बघितलं. जुन्या वहीवरून औषध बनवलं, दिवा बंद ठेवला, चाचपडत काम केलं. बघा, जगल्यात."

कुठला दिवा? निदान हात तरी दिसावेत म्हणून खोलीत लावलेला लाल दिवा! आधीचं औषध निळ्या उजेडाने जागं होणारं होतं, तेव्हा तो चालत होता. नवं आम्ही मुद्दाम लाल उजेडाचं निवडलं, कारण तो मांसात खोलवर जातो. औषध बदललं, दिवा तसाच; म्हणजे आमच्या 'अंधारात'ही ते जागं होऊन पेशी मारत होतं. पाच डॉक्टरेटवाले रोज त्याखाली उभे, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये?... हसा, हसा. मला सकाळी हसू आलं नाही.

मी विचारलं, "ताई, तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले होते की. तुम्ही म्हणालात, ताई, मला शिकवू नका."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत. या सहा वर्षांत ते औषध कुणाच्या कामी आलं असतं का? मला सांगता येत नाही.

ताई, मान हलवू नका, बोलू द्या. संचालक मॅडम, ते पत्र मी सर्वांसमक्ष मागे घेतो. सोमवारी ती फाइल पुन्हा उघडतोय, पहिल्या पानावर ताईंचं नाव असेल.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. ताई, त्या पत्राबद्दल तुमची क्षमा मागतो. पण हो म्हणायची घाई करू नका.