कॉलेजची रांग

नाही हो मावशी, मी तुमच्या रांगेतली नाही. मी कॉलेजची. ती पोरं उभी आहेत ना गेटजवळ, पांढऱ्या शर्टातली — त्यांच्यातली. हसता काय, खरंच. हे बघा ओळखपत्र. फोटो वाईट आलाय, पण मीच आहे. हेमा. गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय, ऑनर्स, शेवटचं वर्ष. पोरं मला काकू म्हणतात. आज आमची अभ्यासभेट — आत जायचं, जेल बघायचं, बाहेर येऊन अहवाल लिहायचा, त्याला मार्क असतात. साहेबांची परवानगी यायचीय म्हणून खोळंबलोय. तुम्ही इकडे सरका, त्या टोकाला बाक डुगडुगतो.

लोणी काळभोरहून एकट्या आलात? नातू आहे होय. शंभू. — अहो, रडू नका. आत्ताच रडलात तर आत काय कराल? मुलाखतीची वेळ थोडी असते. निम्मी रडण्यात जाते आणि उरलेली ‘जेवतोस का, जेवतोस का’ विचारण्यात. मधे काच असते. फोन उचलायचा, नीट कानाला लावायचा, आणि काचेवर हात ठेवायचा नाही — ठेवावासा वाटतो, पण मग तोही ठेवतो आणि बोलणं राहून जातं. पिशवीत काय आणलंय? लोणचं नाही चालायचं, मावशी. दारातच काढून ठेवायला लावतील आणि तुमचा जीव हळहळेल. आणि ही पँट — नाडीची ना? द्या इकडे, नाडी आत्ताच ओढून काढते, म्हणजे तिथे कटकट नको.

मला कसं माहीत? अभ्यासात असतं. — नाही, अभ्यासात नसतं खरं तर. अभ्यासात मोठं मोठं असतं. माणूस गुन्हा का करतो, शिक्षा कशासाठी करायची, शिक्षेनं कुणी सुधारतं का. परीक्षेत सगळं येतं मला. मार्कही चांगले पडतात. आमचे हे म्हणतात, या वयात वकील होणार का? म्हटलं, वकील नाही, पोलीसही नाही. मग काय होणार? — ते मलाही सांगता येत नाही. कसब्यात तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे आमचं, दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा वाचत बसते. त्याआधी काही वर्षं कोर्टाच्या बाकावर बसून काढली होती. पुढे वकील काय बोलतोय, जजसाहेब काय लिहून घेतायत, ओ की ठो कळायचं नाही. निकालाच्या दिवशी शेजारच्या बाईला विचारावं लागलं — सुटला की शिक्षा लागली हो? तिनं माझ्याकडे बघितलं, ते बघणं अजून जात नाही. तेव्हाच ठरवलं, हे सगळं एकदा समजून घ्यायचं. — कोर्टात कशाला? असंच. ओळखीचं होतं एक.

तो उंच पोरगा दिसतो ना, तो अर्णव. वाईट नाही हं, माझी पिशवी न सांगता उचलतो. पण सकाळपासून बसमध्ये एकच चाललंय त्याचं — मी कैद्यांना फक्त एक प्रश्न विचारणार, ‘पश्चात्ताप होतो का?’ आमच्या राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, छान प्रश्न आहे, फक्त नम्रपणे विचार. नम्रपणे! म्हणजे झालंच मग. आणि आधी सुतारकामाचा विभाग दाखवणार म्हणे. मी म्हटलं, मॅडम, बेकरी नाही का घेता येणार आधी? त्या म्हणाल्या, काकू, तुम्हाला भूक लागलीय का? सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

रतन म्हणतो, कॉलेजची पोरं येतात ती कात्रजला वाघ बघायला आल्यासारखी येतात. वाघाला निदान पाठ फिरवून झोपता तरी येतं, आम्हाला हातातला रंधा खाली ठेवून उभं राहावं लागतं. मागच्याच मुलाखतीत म्हणाला. मी काचेच्या अलीकडे बसून नुसतं हं हं करत होते, आणि हे ओळखपत्र पर्समध्ये —

हं.

रतन कोण म्हणजे — भाऊ. धाकटा. घ्या, आता बोललेच आहे. पेठेत सांगितलंय, तो नाशिकला असतो. कॉलेजात कुणाला काहीच माहीत नाही. गणपतीचा मांडव घालताना भांडण झालं, कशावरून ते आता दोन्हीकडच्या कुणालाच धड सांगता येत नाही, ह्याच्या हातात वासा होता, आणि समोरचा पोरगा गेला. आमोद नाव त्याचं. लहानपणी आमच्याच घरी जेवायला असायचा. त्याची आई मंडईत दिसते अजून. ती मान वळवते, मग मीही वळवते, आणि दोघी भलतीच भाजी घेऊन घरी जातो.

तो मला बघेल याची भीती? ती आहेच. त्या रांगेत मला बघितलं तर काय म्हणेल तो — पण ते नाही हो, मावशी. दर खेपेला मी त्याला जेवतोस का विचारते. झोपतोस का विचारते. आणि हा अर्णवचा प्रश्न — तो मी एकदाही विचारलेला नाही. एवढी पुस्तकं वाचून नाही. नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला, तर ते अर्णवला सांगणार — वीस वर्षांच्या परक्या पोराला — आणि मी मागे उभी राहून अहवालात लिहून घेणार?

आले, मॅडम!

परवानगी आली वाटतं. बघा, लगेच रांग लावली पोरांनी. — काय मॅडम? नाही, बरी आहे मी. पण आत नाही येत. मार्क जाऊ द्या. — नाही, पायबिय नाही दुखत. आत माझा भाऊ आहे. सुतारकामात. सख्खा.

अर्णव, तू कशाला खाली बघतोस? तू जा. विचार हवं ते, जेवण कसं असतं, काम कसं असतं, सगळं विचार. तेवढा एक प्रश्न राहू दे. तो मला विचारायचाय.

जा रे, थांबू नका माझ्यासाठी.

बघितलंत, मावशी, काकू म्हणायचंही सुचलं नाही कुणाला. — ऐका, ऐका, गोदाबाई म्हणून पुकारलं. तुम्हीच ना? मग उठा. ही पँट घ्या. लोणच्याची बरणी राहू द्या इथे, मी बसलेय. पदर नीट घ्या आणि फोन कानाला लावा, सांगितलं तसं.

आणि विचारा हो जेवणाचं. विचारावंसं वाटतंच. जा.