आबाला दिलेली शिट्टी

माझं नाव लंकाबाई. माहेर पिशोरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याला, आम्ही मेंढरं राखणारी माणसं. घर म्हणाल तर घर व्हतं, पण त्यात राहायला सवड कुणाला, पाऊसपाणी सरलं की मेंढरं घेऊन निघायचं, ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्या रानाला खत व्हायचं, तो आम्हाला ज्वारी-बाजरी द्यायचा, आन मग पुढचं रान. आई मी पाळण्यात असतानाच गेली. मला आबानं वाढवलं, मंजे माझ्या बापानं. घोंगडीच्या झोळीत घालून. लोक म्हणले आरं दुसरी कर, लेकराला कोण बघंल, तर आबा म्हणला येवढं मेंढरांचं खांड बघतो, त्यात येक कोकरू जास्तीचं. काय सांगू तुम्हाला, मी लई दिवस खरंच समजत व्हते की मी बी त्यातलीच येक.

आबाची शिट्टी मात्र ऐकावी. तोंडात दोन बोटं घालायचा आन फुकायचा, या डोंगरावरून त्या डोंगरावर जायची. दोन बारक्या शिट्ट्या मंजे फिरा, पिकात शिरू नका. येक लांब शिट्टी मंजे या, मी हितं हाय, माझ्याकडं या. समद्या मेंढरांना नाय शिकवावं लागत बरं का, येक म्होरकी असती, तिला शिकवायचं, बाकीची तिच्या मागं. मी बी लांब शिट्टी ऐकली की पळायचे. भाकर झाली मंजे आबा तसंच बोलवायचा.

मग लग्न झालं. सासर हे हितं, शहराच्या जवळ. मालक चिकलठाण्याला कंपनीत जातात. आबा तिकडं येकटा पडला, म्हातारा झाला, येका पावसाळ्यात तापानं फणफणला आन दोन दिवस कुणाला पत्ता नाय. मी मालकांना म्हणलं मी आणते त्याला. गाव म्हणलं बाप कुठं लेकीच्या दारात राहतो व्हय. तर मालक म्हणले, सासरा हात हलवत यायला नाय, खांड घेऊन यायलाय, तुम्हालाच शेतात मेंढरं बसवायला त्याच्या मागं फिरावं लागंल. आन तसंच झालं. नावं ठेवणारे लोकच आबाला चहा पाजून म्हणायले, आबा, आमच्या रानात कधी बसवता.

होमगार्डात मी आबा यायच्या आधीच लागले व्हते. गणपतीचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, असलं काम. पण मग गावाच्या उशाला तो मोठा एक्सप्रेस-वे झाला, आन माझं काम घरापुढंच आलं. वर काही झालं, गाडी उलटली, जळाली, की वरचा रस्ता बंद, आन समद्या गाड्या खाली आमच्या गावातून. तुम्ही बघितलाच की गावचा रस्ता, येक बैलगाडी आन येक रिक्षा समोरासमोर आली तर भांडण लागतं, त्यातून हे लांबलांब कंटेनर. मग मला फोन, लंकाबाई, चौकात उभ्या राहा. पहिल्यांदा लई भ्याले. आबा म्हणला भ्यायचं काय त्यात, खिंडीतून मेंढरं काढती तसं काढ, मागून रेटू देऊ नको, म्होरल्याला धर. आन खरंच जमायला लागलं. तो पारावर बसून बघायचा आन शेजारच्यांना सांगायचा, माझी लेक हाय ती, ट्रक राखती.

आता ते शिट्टीचं सांगते. आबाचे दात पडले. आधी येक, मग समदेच. दात नाय तर तोंडानं शिट्टी व्हईना, नुसती हवा जायची. मेंढरं येकीकडं, आबा येकीकडं, घशातून हाका मारून बेजार. येकदा त्याला बांधावर बसून रडताना बघितलं मी. म्हणला लंके, ती मला सोडून जायलीत. मला लई वाईट वाटलं. माझ्याकडं दोन शिट्ट्या व्हत्या, सारख्याच, येक बंदोबस्तात मिळाली, येक मी बाजारातून घेतली. येक काळ्या गोफात ओवली आन आबाच्या गळ्यात घातली. तान्ह्या पोरावानी हासला बघा. महिन्याभरात बांडी शिकली, बांडी मंजे त्याची म्होरकी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्याची. दोन बारक्या, फिरा. येक लांब, या. मी जन्मभरात आबाला दिलेली तेवढीच वस्तू.

आन चौकात लांब शिट्टी मंजे थांबा. हे आम्हाला शिकवलेलंच असतं, गाडी थांबवायची तर लांब फुकायची. हे दोन्ही मला ठावं व्हतं. पण मेंढरं रस्त्याच्या पल्याड लांब रानात चरायची, मी अल्याड चौकात उभी राहायची, येकाचं येकाला लागंल हे ना माझ्या ध्यानात आलं ना आबाच्या.

त्या दिवशी वर गोड्या तेलाचा टँकर आडवा झाला. रस्ताभर तेल, गाड्या घसरायल्या, वरचं बंद झालं आन समदा लोंढा खाली. त्यात आमच्या गावचा बाजार. मी सकाळीच आबाला भाकर बांधून दिली आन म्हणलं, आबा, आज रस्त्याकडं येऊ नको, पल्याडच चार, मी येते न्यायला. बरं म्हणला. आन त्यानं ऐकलं. हे ध्यानात घ्या तुम्ही, लोक कायबी म्हणतेत, म्हातारा रस्त्यात घुसला म्हणतेत. आबा त्याच्या जागी व्हता.

दुपारी शाळा सुटली. लेकरं कोपऱ्यावर उभी, बारकी बारकी, पाठीवर दप्तरं. मी हात वर केला, लांब शिट्टी फुकली, गाड्या थांबल्या, लेकरं निघाली. आन तेवढ्यात येका ट्रकवाल्यानं थांबलेल्या लायनीच्या बाजूनं गाडी पुढं घातली. सकाळपासून अडकलेला, तो बी बेजार. मी त्याच्याकडं बघून अजून लांब फुकली. अजून जोरात. छाती फुटंस्तोर फुकली. मला दुसरं काय दिसत नव्हतं.

पल्याड काय झालं ते कापूस येचणाऱ्या बायांनी मला मग सांगितलं. बांडीनं मान वर केली. तिला काय ठावं ही शिट्टी आबाची का लंकीची. तिनं बांधावरून उडी टाकली, समदं खांड तिच्या मागं. मी जितकी फुकायले तितकी ती माझ्याकडं पळायलीत. आन आबा मागून, काठी वर करून, दोन बारक्या वाजवायलाय, फिरा, फिरा. माझ्या लांब शिट्टीत त्याच्या बारक्या कुठं ऐकू येणार हो.

ट्रकवाल्याला लेकरं दिसली. त्यानं गाडी वळवली. जिकडं वळवली तिकडूनच आबा पळत यायलाय.

लेकरं समदी वाचली. येकाला खरचटलं बी नाय.

आबा शुद्धीत व्हता. मी त्याच्याजवळ बसले, तर माझा हात धरून म्हणला, लंके, समदी आली का. तीन मेंढरं तिथंच रस्त्यावर पडली व्हती, बांडी त्याच्या उशाला उभी. मी म्हणलं आली आबा, समदी आली. त्यानं मान हलवली. बाजारातल्या भाजीवाल्यानं टेम्पो रिकामा केला, आबाला उचलून ठेवलं, मी बी चढले. पण टेम्पो जाणार कुठून? पुढं गाड्या, मागं गाड्या. कोपऱ्यावरचे सलीमभाई, चहाचं हॉटेल हाय त्यांचं, मूळचे सिल्लोडचे, ते म्हणले, आपा तू बैठ बाबा के पास, रस्ता मैं खोलता. त्यांनी केला बी प्रयत्न, पण लुंगीतल्या माणसाचं ट्रकवाले ऐकत नाय, खाकी बघून ऐकतेत. मग सलीमभाईनं आबाचं डोकं मांडीवर घेतलं आन मी खाली उतरले.

टेम्पोच्या म्होरं पळत गेले मी. येकेका गाडीला हातानं थापा मारून, ह्याला मागं घे, त्याला कडंला घे, वरडून वरडून. शिट्टी गळ्यात व्हती, तोंडाला लावता येईना. माझ्या बापाला वाट करून द्यायची ड्यूटी माझीच. फाट्यावर रस्ता मोकळा झाला, टेम्पो निघून गेला, आन मी मागं उभी. मला चढायला बी सुधरलं नाय. आबा दवाखान्यापर्यंत पोचला नाय. त्याचं डोकं शेवटी माझ्या मांडीवर नव्हतं, हे मला सोसत नाय.

शाळेचे मास्तर आल्ते मग, लेकरांना घेऊन. म्हणले बाई, तुम्ही शिट्टी वाजवली म्हणून ही हायेत. मी म्हणलं व्हय सर. लेकरांच्या तोंडावरून हात फिरवला. मला आनंद हाय त्यांचा, खोटं कशाला बोलू. पण त्यानं आतलं काय भरत नाय.

खांड चुलतभावाला देऊन टाकलं, तो पिशोरला घेऊन गेला. बांडी काय गाडीत चढली नाय, चौघांनी धरली तरी चढली नाय, म्हणून ठेवली. ती बघा, दारात बसलेली. सुरुवातीला माझ्या घरात कुकरची शिट्टी झाली की उठायची, रस्त्याकडं तोंड करून उभी राहायची, आबा येईल म्हणून. बसतच नव्हती. आता मी डाळ पातेल्यात शिजवते.

चौकात अजून उभी राहते की. गेल्या आठवड्यात बी रस्ता बंद झाल्ता. बंदोबस्ताचे साहेब चांगले हायेत, म्हणतेत लंकाबाई शिट्टी कुठंय, मी म्हणते विसरले. त्यांना ठावं हाय, पुढं विचारत नाय. आबाची काठी घेते, हात दाखवते, थांबतेत गाड्या. आबाची शिट्टी सलीमभाईनं आणून दिली, ती देव्हाऱ्यात खंडोबापाशी ठेवलीय. माझी बी तिथंच.

निघता का? चहा घेतल्याबिगर नाय जायचं. मग चौकापर्यंत येते मी, वळणावर हात दाखवते. देव तुमचं भलं करो. आन रस्त्यात कुठं मेंढरं आडवी आली तर भोंगा वाजवू नका. गाडी बंद करून थांबा घडीभर. मेंढरं पार झाली तरी लगेच निघू नका, मागून म्हातारं माणूस येत असतं, त्याला बी येऊ द्या.