कागद न दाखवता

पेणमधल्या एका कचेरीत, सरकारी योजनेचे अर्ज घेणाऱ्या खिडकीपुढच्या रांगेत, विष्णुपंतांच्या पुढे आमना आणि तिचा भाचा तमीम उभे होते.

"खाला, नव्या ब्लॉकचेनमध्ये, म्हंजे संगणकातल्या नोंदवहीत, कागद दाखवावाच लागत नाय. तो खरा हाय, एवढं मात्र कुणालाही तपासता येतं."

"म्हंजे नवऱ्यानं टाकलंय, ते कळणार नाय?"

"नाय. तू योजनेत बसतेस, तेवढंच कळेल."

"इथं कधी येणार ते?"

"येईल कधीतरी."

"इथं तर खिडकीतला माणूस अख्खा दाखला मोठ्यानं वाचतो रे. गावाला वाटतंय, माझा नवरा कतारला कामाला हाय."

"खाला, तुझा नंबर आला."

आमना मागे वळली. "काका, तुम्ही व्हा पुढं."

"का गो? सकाळपासून उभी हायस."

"मागं आमच्या गडब गावच्या बाया हायत. त्या घरी गेल्या, की मग वाचू दे त्याला."